दुसऱ्याच्या वहीतील झाडलोट



आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे ‘कर्नल’ म्हटले की डोळ्यांसमोर लष्करी गणवेशातील रुबाबदार अधिकारीच उभा राहतो. या लेखातील कर्नल निराळा. संगणकाची स्मृती कोणत्या कामाला किती द्यायची, कोणते काम आधी चालवायचे, कळफलक, पडदा, साठवणूक यांच्याशी व्यवहार कसा करायचा, हे सारे पडद्याआड राहून पाहणारा जो कार्यप्रणालीचा गाभा, त्याला कर्नल म्हणतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात नाक का खुपसावे, असे माझ्या काही मित्रांनी मला आधीच विचारले आहे. मला वाटते, या विषयातील एका वादाचा निकाल लावायला संगणकशास्त्रापेक्षा आपले पुस्तपालनच अधिक उपयोगी पडते. म्हणून हे धाडस.

सन १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या घरच्या संगणकासाठी असा एक गाभा लिहायला घेतला आणि तो जगाला खुला केला. तोच लिनक्स. आज आपल्या खिशातील अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतो. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून एकूण एक यंत्र लिनक्सवर चालणारे आहे. त्याचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, आता तीन कोटी ओळींच्याही पुढे गेला आहे. आणि आश्चर्य असे की हा सारा मजकूर कोणीही वाचावा, त्यातील चूक कोणीही दाखवावी, आणि दुरुस्ती करून ती कोणीही पाठवावी, अशी तेथे मुभा आहे. हेलसिंकीच्या माणसाने पाठवावी, तशी टिळकवाडीतील मुलानेही पाठवावी. अशा दुरुस्तीला ‘पॅच’ म्हणतात. ती योग्य वाटली तर त्या विभागाचा मेंटेनर, म्हणजे आपल्या भाषेत कारभारी, ती स्वीकारतो. मग पाठवणाऱ्याचे नाव त्या गाभ्याच्या इतिहासात कायमचे नोंदले जाते.

ही मुभा मोठी आहे, आणि मोहही तिथेच आहे.

कोणत्याही चांगल्या छापखान्याचे जसे लेखननियम असतात, तसे या गाभ्याचेही आहेत. आतील ओळ आठ अक्षरांच्या रुंदीने आत सरकवावी, महिरपी कंस अमुक ठिकाणी उघडावा, नावे आटोपशीर असावीत, ओळीच्या शेवटी रिकामी जागा सोडू नये, असे ते नियम. टॉरवाल्ड्स यांनी लिहिलेल्या या नियमपत्राच्या आरंभीच, ग्नू प्रकल्पाचे नियम छापून घ्यावेत आणि न वाचता जाळून टाकावेत, असा खट्याळ सल्ला आहे. मांडणीच्या प्रश्नावर शहाणी माणसेही किती हळवी असतात, ते यावरून दिसते.

नियम पाळले आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी ‘चेकपॅच’ नावाची एक आज्ञावली गाभ्याबरोबरच मिळते. आपण जी नवी दुरुस्ती पाठवणार ती आधी तपासून घ्यावी, हा तिचा मूळ हेतू. पण तीच आज्ञावली जुन्या फायलींवर चालवली की इशाऱ्यांचा पाऊस पडतो. या ओळीत जागा जास्त, त्या ओळीत कंस चुकीच्या जागी, तिसरी ओळ फार लांब. मग नवख्या मुलाला वाटते, यापेक्षा सोपे काय असणार? एक इशारा उचलायचा, एक रिकामी जागा पुसायची, पाठवून द्यायचे. सी भाषा धड आली नाही तरी चालते आणि फाईल काय काम करते हे कळले नाही तरी अडत नाही.

संगणकशास्त्र विभागातील माझा एक मित्र मला हेच सांगत होता. “अरे, पन्नास पॅच पाठव. नोकरीच्या अर्जावर ‘लिनक्स कर्नल कॉन्ट्रिब्यूटर’ म्हणून लिहिता येतंय. आत काय आहे ते कोण बघतंय?” त्याच्या या प्रश्नाचे उत्तर मी तिथल्या तिथे दिले नाही. ते येथे देतो आहे, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. नोकरीपूर्व मार्गदर्शनाच्या नावाखाली आज जिकडे तिकडे हाच उपदेश चाललेला असतो. दर ऑक्टोबरात भरणाऱ्या ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात सन २०२० साली ठरावीक संख्येने दुरुस्त्या पाठवणाऱ्यास टी-शर्ट मिळत असे. तेव्हा लोकांनी प्रकल्पांच्या माहितीपत्रकांत एखादे विशेषण घुसडून दुरुस्त्यांचा असा काही वर्षाव केला की ऑक्टोबरच्या पहिल्या काही दिवसांतच संयोजकांना नियम बदलावा लागला. ज्या प्रकल्पांनी आपण होऊन संमती दिली असेल त्यांच्याकडील दुरुस्त्याच धरल्या जातील, असे ठरले. या गोंधळात भारतीय विद्यार्थ्यांचे नाव बरेच घेतले गेले, ही आपल्याला खाली मान घालायला लावणारी गोष्ट आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. गाभ्यातील मजकुराची बारीकसारीक झाडलोट हे काम हलके आहे असे मी मानत नाही. माझे म्हणणे एवढेच की ज्याने ती ओळ वाचून समजून घेतली आहे, त्यानेच तिला हात लावावा. न वाचता केलेली स्वच्छता ही खाडाखोड असते.

हे वाणिज्याच्या विद्यार्थ्याला पटवून सांगावे लागू नये. रोजकीर्दीत एक नोंद चुकली तर आपण ती खोडत नाही. चूकदुरुस्तीची नवी नोंद करतो, तारीख घालतो आणि खाली स्पष्टीकरण लिहितो. का? कारण वहीचा उपयोग आजचा आकडा कळण्यापुरता नसतो. तो आकडा तेथे कसा आला, कोणी आणला, कोणत्या कारणाने आणला, हेही कळावे लागते. आपल्या सरकारनेही १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना अशीच हिशेबप्रणाली सक्तीची केली आहे, की जिच्यात प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहील आणि ती नोंद बंद करता येणार नाही.

लिनक्सची वही अगदी अशीच ठेवली जाते. सन २००५ मध्ये टॉरवाल्ड्स यांनीच त्यासाठी ‘गिट’ ही प्रणाली लिहिली. तीन कोटी ओळींपैकी कोणत्याही ओळीवर बोट ठेवून विचारावे, ही ओळ शेवटी कोणी बदलली, केव्हा बदलली, आणि बदलताना काय स्पष्टीकरण लिहिले? गिट उत्तर देते. एखाद्या रात्री कोठेतरी एखादे यंत्र बंद पडते, दोष शोधणारा माणूस संशयित ओळीपाशी येतो, आणि ती तशी का लिहिली हे जाणून घेण्यासाठी तिचा इतिहास उघडतो. तेथे त्याला मूळ लेखकाचे कारण सापडायला हवे. त्याऐवजी ‘रिकामी जागा दुरुस्त केली’ एवढेच सापडले तर? मूळ नोंद नष्ट झालेली नसते, पण तिच्यावर एक कोरा कागद चिकटवल्यासारखे होते. एक कागद उचलून पाहता येतो. पाच माणसांनी पाच वेळा झाडलोट केली असेल तर पाच कागद उचलावे लागतात.

दुसरा त्रास याहून व्यावहारिक आहे. गाभ्याची नवी आवृत्ती सुमारे नऊ-दहा आठवड्यांनी निघत असली तरी काही जुन्या आवृत्त्या वर्षानुवर्षे सांभाळल्या जातात, कारण कारखाने, बँका, फोन त्यांवर चालत असतात. सुरक्षिततेचा एखादा दोष नव्या आवृत्तीत दुरुस्त झाला की तीच दुरुस्ती जुन्या आवृत्त्यांत न्यावी लागते. आजूबाजूच्या ओळी दोन्हीकडे सारख्या असतील तर ती आपोआप बसते. मधल्या काळात कोणी उत्साहाने त्या ओळी नीटनेटक्या केल्या असतील तर ती बसत नाही. मग कोणाला तरी हाताने जुळवत बसावे लागते, आणि हाताने जुळवताना नव्या चुका होतात.

तिसरी गोष्ट वेळेची. पाठवलेली प्रत्येक दुरुस्ती, मग ती एका अक्षराची का असेना, कारभाऱ्याला वाचावीच लागते. पाठवणाऱ्याला पाच मिनिटे लागतात, वाचणाऱ्याला कधी अधिक. गाभ्याबरोबर मिळणाऱ्या मार्गदर्शक लेखनातच स्पष्ट बजावले आहे की केवळ मांडणीच्या दुरुस्त्या हा विकासकांना गोंगाट वाटतो आणि त्यांचे स्वागत थंडपणेच होते. काही जुन्या भागांना तर ‘कालबाह्य’ असा शिक्का मारून ठेवला आहे. त्यांवर चेकपॅच चालवले तर ती आज्ञावलीच सांगते की येथे विनाकारण बदल करू नका.

आणि नियम तरी कोठे अजरामर असतात? ओळ ८० अक्षरांपेक्षा लांब नसावी, असा चेकपॅचचा आग्रह बरीच वर्षे होता. त्या आग्रहाखातर किती तरी ओळी मधेच तोडल्या गेल्या आणि वाचायला अधिकच कठीण झाल्या. सन २०२० मध्ये टॉरवाल्ड्स यांनीच यावर तोंडसुख घेतले आणि चेकपॅचची मर्यादा १०० अक्षरांवर गेली. इशारा मिळाला म्हणून ज्यांनी ओळी तोडल्या होत्या, त्यांच्या श्रमाचे काय झाले, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

कोणी म्हणेल, त्रास होत असेल, पण एका चिन्हाच्या बदलाने नुकसान ते काय होणार? याचे उत्तर इतिहासातच आहे. नोव्हेंबर २००३ मध्ये कोणी अज्ञाताने लिनक्सच्या मजकुराची एक प्रत जेथे ठेवली होती त्या यंत्रात शिरून तिच्यात दोन ओळी घातल्या. वरवर पाहता ती साधी तपासणी होती. दोन विशिष्ट पर्याय एकत्र मागितले गेले आणि वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य असला तर चूक दाखवावी, असे ती म्हणते आहे असे वाटे. सी भाषेत तुलना करायची तर बरोबरचे चिन्ह दोनदा द्यावे लागते. येथे ते एकदाच होते. त्यामुळे क्रमांक शून्य आहे का, असे विचारण्याऐवजी तो शून्य करून टाकला जात असे. आणि शून्य क्रमांकाचा वापरकर्ता म्हणजे त्या यंत्राचा सर्वाधिकारी! एका चिन्हाच्या कमतरतेने परक्याच्या हाती तिजोरीची किल्ली जाणार होती. हा डाव पकडला गेला तो मुख्य वही आणि तिची प्रत यांचा ताळा घेतल्यामुळे. प्रतीत असलेली ही नोंद मुख्य वहीत नव्हती. आपण बँक जुळवणी पत्रक कंटाळून करतो; त्याच कंटाळवाण्या कामाने त्या दिवशी अब्रू राखली. मुख्य गाभ्यात त्या ओळी कधीच शिरल्या नाहीत.

त्या प्रसंगात हेतू वाईट होता. आता हेतू चांगला असतानाचे उदाहरण पाहा. ते लिनक्सच्या गाभ्यातील नाही, त्याच्या शेजारचे आहे. सन २००६ मध्ये डेबियन या लिनक्स-वितरणात ओपनएसएसएल ह्या सांकेतिक किल्ल्या तयार करणाऱ्या संग्रहाची व्यवस्था पाहणाऱ्याने दोन ओळी निकामी केल्या. तपासणी करणाऱ्या एका आज्ञावलीने त्या ओळींबद्दल इशारा दिला होता, आणि इशारा शांत करावा एवढाच त्याचा उद्देश होता. त्याने आधी विचारणाही केली होती. परंतु त्यांतील एक ओळ ही किल्ली बनवताना यदृच्छेचा सारा मसाला मिसळणारी ओळ होती. ती गेल्यावर उरला केवळ चालू कामाचा क्रमांक, आणि त्याच्या शक्यता होत्या जास्तीत जास्त ३२,७६८. ज्या किल्लीचा अंदाज साऱ्या जगाने मिळून करता येऊ नये, तिचा एका प्रकारच्या यंत्रासाठीचा सगळा जुडगा एखाद्या विद्यार्थ्याला आपल्या संगणकावर बनवता येऊ लागला. मे २००८ मध्ये हे उघडकीस आले तेव्हा मधल्या वीसएक महिन्यांत बनलेल्या अशा किल्ल्या फेकून नव्या कराव्या लागल्या. इशारा निघून गेला होता, पण ओळीचा अर्थ कोणाच्याच नीट लक्षात आला नव्हता.

यानंतर सन २०२१ चा प्रसंग. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी, वरून उपयुक्त दिसणाऱ्या पण आत दोष ठेवलेल्या छोट्या दुरुस्त्या लिनक्सचे कारभारी ओळखतात का, याचा प्रयोग त्यांना न सांगता केला होता. हे बाहेर आल्यावर त्या विद्यापीठाकडून कोणतीही दुरुस्ती घेणे काही काळ थांबवले गेले, जुन्या दुरुस्त्या पुन्हा तपासाव्या लागल्या, आणि संशोधकांना आपला निबंध मागे घ्यावा लागला. छोटी दुरुस्ती कारभारी बऱ्याच अंशी विश्वासावर घेतो. तो विश्वास गेला की प्रामाणिक नवख्यालाही संशयाने पाहिले जाते.

एवढे वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की मांडणीला महत्त्वच नाही, जुने आहे ते तसेच राहू द्यावे. तेही मला मान्य नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये अ‍ॅपल कंपनीच्या फोनमधील व संगणकांमधील सुरक्षित दळणवळणात एक मोठा दोष सापडला. ‘गोटू फेल’ ही एकच ओळ लागोपाठ दोनदा लिहिली गेली होती. वरच्या अटीला कंस नव्हते. त्यामुळे पहिली ओळ अटीखाली आणि दुसरी बिनशर्त चालत असे, आणि पुढची स्वाक्षरीची तपासणी कधी होतच नसे. दुसरी ओळ आत सरकवलेली असल्याने वाचणाऱ्याला तीही अटीखालचीच वाटे. डोळ्याला एक दिसत होते, यंत्र दुसरेच करत होते. पुढे २०१६ साली जीसीसी या प्रसिद्ध संकलकाने अशा फसव्या मांडणीबद्दल इशारा देण्याची सोय केली. मांडणी ही नुसती शोभा असती तर एवढा खटाटोप कोणी केला असता का?

लिनक्समध्येही चांगल्या झाडलोटीचे उदाहरण आहे. सी भाषेत अनेक पर्यायांतून एक निवडण्याची रचना असते. एका पर्यायाचे काम संपले की ‘ब्रेक’ लिहून बाहेर पडायचे. तो लिहिला नाही तर पुढच्या पर्यायाचे कामही आपोआप चालते. कधी हे लेखकाने मुद्दाम केलेले असते, कधी विसरून झालेले असते. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते. ही संदिग्धता दूर करण्यासाठी काही जणांनी शेकडो ठिकाणे पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी थांबून ठरवले की येथे ब्रेक मुद्दाम गाळला आहे की राहून गेला आहे. मुद्दाम असेल तेथे तशी खूण केली, राहिला असेल तेथे तो घातला, आणि या ओघात खरे दोष हाती लागले. अशी सारी ठिकाणे संपत आल्यावर २०१९ साली हा इशारा संपूर्ण गाभ्यासाठी कायमचा सुरू करण्यात आला. त्यांनी इशाऱ्याचे तोंड बंद केले नाही, त्याला प्रत्येक वेळी उत्तर दिले.

मग जुन्या मजकुराला हात केव्हा लावावा? याचा धडा आपल्या मराठीतच आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये शासनाने मान्य केले आणि ‘नांव’, ‘केलें’ यांवरील अनुच्चारित अनुस्वार गेले. म्हणून काही आपल्या वाचनालयातील जुनी पुस्तके कपाटातून काढून कोणी त्यांवर खोडरबर फिरवला नाही. नवे पुस्तक नव्या नियमाने लिहिले गेले. जुन्याची नवी आवृत्ती काढायची वेळ आली, तेव्हा संपादकाने ते वाचता वाचता लेखन बदलले. लिनक्सचे जाणते लोकही हेच सांगतात. दुसऱ्या काही कारणाने त्या भागात काम करत असाल, तर तेवढा भाग नीटनेटका करा, आणि ती झाडलोट वेगळ्या नोंदीत ठेवा, म्हणजे खरा बदल आणि झाडलोट यांची सरमिसळ होणार नाही.

नवशिक्यांसाठी मात्र एक अंगण मुद्दाम राखलेले आहे. सन २००८ मध्ये ग्रेग क्रोह-हार्टमन यांच्या पुढाकाराने गाभ्यात ‘स्टेजिंग’ नावाचा विभाग निघाला. उपयोगी आहेत पण अजून कच्चे आहेत, असे उपकरणचालक तेथे ठेवतात. काय सुधारायचे राहिले आहे त्याची यादीही सोबत असते. तेथे मांडणीच्या दुरुस्त्या हव्याच असतात. तंत्रक्षेत्रात ज्यांना सहजी प्रवेश मिळत नाही अशांसाठी चालणाऱ्या ‘आउटरीची’ या उपक्रमात लिनक्स गाभ्याच्या उमेदवारांना पहिली पायरी म्हणून तेथेच झाडू हाती दिला जात असे. बाहेरच्याला आत येण्याची वाट असावी आणि ती सोपी असावी, हे मला फार मोलाचे वाटते. माझे सारे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. इंग्रजी मार्गदर्शन वाचताना मला प्रत्येक पानावर शब्दकोश लागतो. माझ्यासारख्याला एकदम गाभ्याच्या गाभाऱ्यात कोण घेणार?

माझ्या नावावर आजवर अशा दोनच दुरुस्त्या आहेत, दोन्ही स्टेजिंगमधल्या. त्यांचा मला गर्व नाही आणि लाजही नाही. त्या करताना मी जे शिकलो ते दुरुस्तीपेक्षा मोठे होते. बदल केल्यावर गाभा पुन्हा बांधून पाहावा लागतो. माझ्या जुन्या यंत्राला त्याला अख्खी रात्र लागली. एका नोंदीत एकच बदल ठेवावा लागतो. स्पष्टीकरणात ‘काय’पेक्षा ‘का’ लिहावे लागते. आणि शेवटी आपल्या नावाने सही करावी लागते. ही सहीची पद्धत २००४ साली सुरू झाली. हा मजकूर देण्याचा मला अधिकार आहे, अशी ती हमी असते. धनादेशावर सही करणाऱ्याची जबाबदारी आपण वर्गात शिकतो, ती मला तेथे प्रत्यक्ष कळली.

पण अंगणात कायमचा मुक्काम करायचा नसतो. पन्नास रिकाम्या जागा पुसणारा मुलगा पहिल्या दोनदा काही तरी शिकतो. उरलेल्या अठ्ठेचाळीस वेळा तो फक्त मोजत असतो. शिवाय, हे मोजण्याचे काम आता यंत्राला माणसापेक्षा चांगले जमते. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले तर ती एका दुपारी हजार ओळी सरळ करून देईल. तेव्हा ज्या कामात वाचणे नाही, त्या कामाच्या जोरावर आपण नोकरी मागू लागलो तर नोकरी देणाऱ्याने आपल्याला का घ्यावे? ‘आत काय आहे ते कोण बघतंय’ या माझ्या मित्राच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. मुलाखत घेणारा त्याच्याच पॅचमधील एक ओळ समोर ठेवून, ही काय करते, एवढे विचारील.

म्हणून दुरुस्ती पाठवण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत असे मी सुचवतो. ही फाईल काय काम करते, ते मला मराठीत किंवा कन्नडमध्ये माझ्या शेजाऱ्याला सांगता येईल काय? हा बदल येथे कोणाला हवा आहे काय? आणि दहा वर्षांनी कोणी या ओळीचा इतिहास उघडला, तर माझी नोंद त्याच्या उपयोगी पडेल की त्याच्या वाटेत येईल? तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तर बदल एका स्वल्पविरामाचा असला तरी बेलाशक पाठवावा.

आमच्या प्राध्यापकांनाही एक नम्र विनंती आहे. विद्यार्थ्याने किती दुरुस्त्या पाठवल्या, हे प्रकल्पाच्या गुणांसाठी मोजू नये. त्याऐवजी कोणतीही एक स्वीकारलेली किंवा नाकारलेली दुरुस्ती घेऊन त्याला फळ्यापाशी उभे करावे आणि तिच्या आजूबाजूच्या वीस ओळी समजावून द्यायला सांगावे. नाकारलेल्या दुरुस्तीवर कारभाऱ्याने दिलेले उत्तर तर वर्गात वाचून दाखवण्यासारखे असते. एवढे केले तरी संख्येच्या मागे लागलेली बरीचशी गर्दी आपोआप ओसरेल, आणि जी चार मुले उरतील ती वहीत काय लिहिले आहे हे वाचणारी असतील.